लग्नातले शकुन आपल्या पद्धतीने: आजीच्या पैठणीचा अंतरपाट, चुडा आणि बाकी प्रश्न

सोनचाफा:
इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माघात माझं लग्न आहे. माहेर सांगलीचं, सासर नागपूरचं, आम्ही दोघं नोकरीला पुण्यात. कार्यालय, केटरर, फोटोवाला हे सगळं मावसभावांनी अंगावर घेतलंय. माझ्या हातात आईने लिहिलेली यादी आहे. वहीची दोन पानं, लाल शाईत. मुहूर्तमेढ, घाणा, देवक, चुडा, हळद, गौरीहर, अंतरपाट, लाजाहोम, कानपिळी, झाल, सूनमुख... वाचता वाचता वाटलं, हे सगळं माझ्या लग्नात होईल खरं, पण त्यात माझं असं काय असेल? कुठल्याही मुलीचं नाव घातलं तरी यादी तीच.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीचं लग्न इंग्लंडात झालं. तिकडे नवरीच्या अंगावर काहीतरी जुनं, काहीतरी नवं, काहीतरी उसनं आणि काहीतरी निळं असावं असा शकुन मानतात. त्या जुन्या चारोळीच्या शेवटी बुटात सिक्सपेन्सचं चांदीचं नाणं ठेवायलाही सांगितलंय. तिने उसने म्हणून सासूचे कानातले घातले आणि निळं म्हणून झग्याच्या आतून वडिलांच्या जुन्या शर्टाचा तुकडा शिवून घेतला. तो शर्टाचा तुकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

तर विचार असा की आपल्याकडे शकुनांची काही कमी नाही, नवे आणायला नकोत. आहेत त्यातच आपलं काही घालता येईल का? आजीची एक पैठणी आहे, तिचा अंतरपाट करावा असं मनात आहे. मंगलाष्टकांतलं एखादं कडवं घरच्यांनी रचलेलं असावं. आणि मला सख्खा भाऊ नाही, तर कान पिळायला धाकटी बहीण चालेल ना? तुम्ही कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

खडीसाखर:
अभिनंदन! कानपिळीला बहीण का नाही चालणार, धावेल. माझ्या लग्नात बहिणीनेच पिळला होता. नखं वाढवलेली होती तिची. नवरा अजून त्या कानावर झोपत नाही.

जुनीपेटी:
सोनचाफा, पैठणीला कात्री लावू नकोस. आधी हे वाच, मग ठरव.

जुन्या साडीची जर खरी असते, म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. ती जड असते आणि रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्या रेघेवर विरतं. साडी उजेडासमोर धरून बघ. घडीच्या जागी बारीक बारीक भोकं दिसली तर दोघांनी दोन बाजूंनी ताणून धरल्यावर ती तिथेच फाटेल. ऐन ‘सावधान’ला फाटली तर शकुनाचं काय घेऊन बसलीस!

अंतरपाट काही फार मोठा लागत नाही. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, तेवढी उंची पुरते. पदर समोर येईल अशा बेताने बाकीची साडी मागे घडी करायची आणि मागून मलमलीचा आधार द्यायचा. मोठे, सैल टाके, रेशमी दोरा. ओढ मलमलीवर यायला हवी, पैठणीवर नाही. लग्न झालं की टाके उसवायचे, साडी जशीच्या तशी. इस्त्री करायचीच तर वर सुती कापड टाकून.

आणखी एक. अंतरपाट एरवी पांढरा असतो आणि त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतात. पैठणीवर ओलं कुंकू लावू देऊ नकोस, रेशमावरून ते जात नाही. मलमलीच्या वेगळ्या तुकड्यावर लाल दोऱ्याने स्वस्तिक भरून घे आणि तो तुकडा वर टाच.

हे एवढं का लिहितेय, तर माझ्या आजीचा शालू आमच्या काकूने बोहारणीला दिला आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. पातेलं अजून आहे. मी त्यात रोज दूध तापवते आणि रोज चरफडते.

वांग्याचं_भरीत:
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्या, ३० दिवस थांबा, तीन साक्षीदार न्या, सह्या करा, जेवायला या. शकुन कसले आणि अपशकुन कसले.

दप्तरदार:
भरीतराव, तो १९५४ चा कायदा, तो मार्ग आहेच. पण विधी करून लग्न करणाऱ्यांनी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ वाचावं, मजेशीर आहे. वधू किंवा वर, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतात. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. बाकी अंतरपाट पैठणीचा की चादरीचा, कान कोणी पिळला, झालीत दिवे किती, कायद्याला याच्याशी देणंघेणं नाही.

उलट बाजूही आहे. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते या कायद्याने लग्न ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. थोडक्यात सोनचाफा, सात पावलं नीट टाक, बाकी सगळं तुझं अंगण.

वऱ्हाडी_ठेचा:
बाकी ठीक आहे, पण नागपूरच्या सासूबाईंना आधी फोन लाव. तुमच्याकडचे शब्द आमच्याकडे वेगळे, आमच्याकडचा क्रम तुमच्याकडे वेगळा. लग्नात भांडणं मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत, ‘आमच्याकडे असं नसतं’वरून होतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात माप आधी की ओवाळणं आधी यावर दोन आत्या पाऊण तास भिडल्या. नवरी बिचारी उंबऱ्याबाहेर उभी, डिसेंबरची थंडी, अंगात बिनबाह्यांचं पोलकं.

सोनचाफा:
जुनीपेटी, साष्टांग नमस्कार. संध्याकाळी पैठणी खिडकीशी धरली. दोन घडींवर भोकं आहेत. मलमल आणते.

सासूबाईंशी बोलले. त्यांना पैठणीची कल्पना इतकी आवडली की ‘दुसऱ्या बाजूने आमच्या सासूबाईंची धरू का’ म्हणाल्या. आता दोन अंतरपाट की एक, यावर घरात चर्चासत्र चालू आहे.

छंदीफंदी:
मंगलाष्टकाचं माझ्याकडे लागलं!

हल्ली ‘घरी रचलेलं’ म्हणून जे कानावर येतं ते ऐकून गुरुजींचा चेहरा बघवत नाही. नवऱ्याची कंपनी, नवरीचं पॅकेज, पाहुण्यांची नावं, आणि चाल मात्र तीच, मग शब्द कोंबायचे. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर थांबा, मग सात. गण म स ज स त त ग. हे पाठ करायची गरज नाही. ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे शेवटचं सात अक्षरांचं शेपूट सगळ्यांच्या कानात असतं. त्याच्या पुढेमागे म्हणून बघायचं, अडखळलं की चुकलं.

तुझ्या पैठणीवरून ही एक ओळ:

आजीच्या पदरातली जरिफुले दारी पुन्हा हासली

‘जरी’चं ‘जरि’ केलंय आणि ‘पुन्हा’तला पु लघु धरलाय, तेवढं वृत्तासाठी माफ. पुढच्या ओळी तू कर. सल्ला एकच, कौतुक कमी आणि वस्तू जास्त घाल. बांगडी, उंबरा, दिवा, पाट. वस्तू वृत्तात बरोबर बसतात, ‘हार्दिक शुभेच्छा’ बसत नाहीत.

कट्ट्यावरचा:
‘मंगलाष्टकांत बदल नको’ म्हणायला कोणीतरी येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हे नवं फॅड नाही. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी मंगलाष्टकं स्वतः रचली. ती नुसते आशीर्वाद नाहीत. नवरा-नवरी एकमेकांना म्हणतात, अटी घालतात, वचन घेतात. नवरी अंतरपाटामागे मान खाली घालून उभी आहे असलं काही नाही, ती बोलते. दीडशे वर्षं झाली या गोष्टीला.

तिळगूळ:
माझा एक बावळट प्रश्न. मला शालूवर काळं पोलकं घालायचंय. आई म्हणते अपशकुन. पण मंगळसूत्रात काळे मणी चालतात, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा नेसवून वर हलव्याचे दागिने घालतात, आणि नजर लागू नये म्हणून गालाला तीट लावतात तीही काळीच. मग पोलक्यानेच काय घोडं मारलंय?

खडीसाखर:
तुझ्या आईला हेच तीन मुद्दे सांग आणि मग काय झालं ते इथे लिही. आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसतो.

लिंबलोण:
धागा वाचला. हौस असावी, पण मंगलकार्यात प्रयोग किती करायचे यालाही मर्यादा असावी असं माझं मत. मी ६८ वर्षांची आहे, मत बदलायचं वय गेलं.

पैठणी, कडवं वगैरे ठीक. पण मुख्य गोष्ट कुणी विचारलीच नाही. घाण्याला, चुड्याला, ओटीला सवाष्णी कोण कोण, ती यादी झाली का? पाच तरी लागतात. पहिली आई धरून मोजायचं.

सोनचाफा:
काकू, यादी झालीय. आईनेच केलीय, त्याच लाल शाईत. मोठी मावशी, धाकटी मावशी, मामी, आत्या, शेजारच्या काकू. पाच. त्याखाली तिने एक ओळ सोडून लिहिलंय: ‘मी – दागिन्यांची पिशवी सांभाळणे.’

बाबा चार वर्षांपूर्वी गेले.

खरं सांगायचं तर धागा काढला तेव्हा हेच लिहायचं होतं. पैठणी पैठणी करत बसले. तिला मी दोनदा म्हटलं की तू कर. ती म्हणते, ‘शकुनाचं आहे, उगाच कुणाच्या मनात नको यायला, मी मागे आहेच की.’ रडत-बिडत नाही. भाजी आणायला कोण जाणार, ठरवावं तसं ठरवून टाकलंय तिने.

जुनीपेटी:
अगं.

दप्तरदार:
एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. बायको वारलेला किंवा हजर नसलेला पुरुष कमरेला सुपारी लावून धर्मकार्याला बसतो. एक सुपारी, काम झालं. बाईसाठी अशी सुपारी कुठल्याच पोथीत सापडली नाही का कुणाला?

कृष्णाकाठ:
सोनचाफा, तुम्ही सांगलीच्या म्हणजे हेरवाड तुम्हाला लांब नाही. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी त्याच भागातला. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं नाही, पण एक झालं. आधी ‘असं कसं चालेल’ म्हणायचे, आता ‘ठराव आहे म्हणे’ म्हणतात. ज्या बाईला मनातून करायचंच असतं तिला तेवढी ढाल पुरते.

वांग्याचं_भरीत:
मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण या बाबतीत विधी करा आणि आईकडूनच करा. कन्यादानाला आई एकटी बसू शकते, आमच्या नात्यात बसली आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने पौरोहित्य शिकवलेल्या स्त्रिया लग्नं लावतात, मंत्रांचा अर्थ मराठीतून सांगतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न पहिल्यांदा येतोय असं नाही. गुरुजी अजून ठरले नसतील तर विचारून बघा.

लिंबलोण:
सोनचाफा, मला माहीत नव्हतं. नाहीतर तसं लिहिलं नसतं.

आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. १९९८ साली माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा हे जाऊन दोन वर्षं झाली होती. मला कुणी ‘बसू नका’ म्हणालं नाही. मीच कोठीच्या खोलीत जाऊन बसले. मंगलाष्टकं भिंतीतून ऐकू येत होती. मी नारळ मोजत होते. १५१ होते, तीनदा मोजले. मुलगी नंतर कधी त्यावर बोलली नाही, पण तिच्या अल्बममध्ये मी जेवणाच्या पंगतीतच आहे, त्याआधी कुठेच नाही.

तर बाई, माझं ऐक. आईला ‘तू कर’ म्हणू नकोस. विचारलंस की ती नाहीच म्हणेल, मीही म्हटलं असतं. चारचौघींत नाही म्हटलं की मग तिला तो शब्द पाळावा लागतो. कासारीण आली की तू आईच्या पुढ्यात जाऊन बस आणि हात पुढे कर. बोलू काही नकोस. लेकीचा पुढे आलेला हात मागे सारायला फार जीव लागतो, तेवढा आईकडे नसतो.

आणि मावशींना आधी सांगून ठेव. त्यातली एखादी ‘अगं अगं’ करायला नको.

खडीसाखर:
लिंबलोणकाकू, तुमच्या पाया पडते. पॉपकॉर्नचं बोलले होते ते विसरा.

छंदीफंदी:
काकू, मत बदलायचं वय गेलं म्हणालात ना?

लिंबलोण:
मत नाही बदललं. माझं मत होतं की पहिली सवाष्ण आई धरून मोजायचं. ते तसंच आहे.

सोनचाफा:
दोन दिवस इथे फिरकले नाही. काकू, तुमचा प्रतिसाद किती वेळा वाचला ते सांगत नाही. दोन्ही मावश्यांशी बोलले. मोठी म्हणाली, ‘मी तर वाटच बघत होते तुमच्यापैकी कोण बोलतंय.’ मामी गप्प राहिली, पण नाही म्हणाली नाही.

आता एक वेगळंच. बाबांचं काहीतरी लग्नात हवंय मला, मैत्रिणीच्या त्या शर्टासारखं. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांची चामड्याची पैशांची पिशवी घरात आहे. काल ती काढली तर आतल्या कप्प्यात २५ पैशांचं एक नाणं निघालं. ती नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली, पण हे त्यांनी ठेवून दिलं होतं. ‘हे आता कुणाला देता येत नाही आणि कुणाकडून घेता येत नाही, म्हणजे हे आपलं,’ म्हणायचे. त्याचं काय करू? बुटात ठेवायचं नाही, आपल्याकडे नवरीच्या पायात बूट नसतात आणि लक्ष्मी पायाखाली आलेली आईला चालणार नाही.

जुनीपेटी:
शेल्याची गाठ! तुझा शेला आणि त्याचं उपरणं यांची गाठ मारतात तेव्हा त्यात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि एक नाणं बांधायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. नाणं कुठलं याचा नियम नाही, बहुतेक ठिकाणी ऐन वेळी कुणाच्या तरी खिशातला रुपया निघतो. गुरुजींना आधी सांगून ठेव आणि नाणं करवलीच्या हातात दे, नाहीतर त्या धांदलीत दक्षिणेच्या ताटात जाईल. सातही पावलं ती गाठ तुमच्यामध्येच असते.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हणजे सप्तपदीला कंडक्टर हजर. सात टप्पे, तिकीट फाडलेलं. दिवे घ्या हो, म्हणजे हलकेच घ्या, पण मला फार आवडलं हे.

सोनचाफा:
दिवे कसले, मी हसता हसता रडले. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘सुट्टे पैसे द्या म्हणून सगळ्यांवर ओरडायचे, आता स्वतःच सुट्टे देऊन चाललेत.’

छंदीफंदी, मी एक ओळ केलीय. तपासून द्या.

आईने भरला चुडा निज करी, डोळे तरी कोरडे

छंदीफंदी:
मोजली. बारा अधिक सात, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ‘निज करी’ जरा जुन्या वळणाचं आहे, पण मंगलाष्टकात शोभतं. पण चुडा अजून भरला कुठे? आधीच लिहून मोकळी झालीस.

सोनचाफा:
लिहून ठेवलं की तसं करावं लागतं ना, म्हणून.

तांदळात_नाव:
जरा विषयांतर, माझ्या आयडीमुळे राहवत नाही. नाव बदलणार आहेस का? मी नाही बदललं, पण सासूबाईंना तांदळात अंगठीने नाव लिहिण्याचा कार्यक्रम हवाच होता. म्हणून नवऱ्याने ताटात माझं आहे तेच नाव लिहिलं, आडनावासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या जणांना बदललं असंच वाटलं, ते अजून मला भलत्याच आडनावाने पत्रिका पाठवतात.

आणि अक्षता कमी करा हो. किलो-किलो तांदूळ पायाखाली तुडवतात. ताटात थोड्या अक्षता ठेवा आणि बाकीच्यांना फुलांच्या पाकळ्या द्या.

सोनचाफा:
नाव नाही बदलणार. अक्षता-पाकळ्यांचं पक्कं.

आता लग्नानंतरच लिहीन.

(तीन आठवड्यांनी)

सोनचाफा:
झालं एकदाचं. नागपूरहून लिहितेय. सगळं लिहीत नाही, फक्त चुड्याचं लिहिते, कारण काकू वाट बघत असतील.

कासारीण सकाळी दहाला आली. पत्र्याची पेटी उघडली, हिरव्या बांगड्यांच्या माळा सतरंजीवर ओळीने मांडल्या. माझा पंजा दाबून बघितला आणि म्हणाली, दोन-चार. माहीत नसलेल्यांसाठी, दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर सोळांश चार, सव्वादोन इंच. मावश्या गोल करून बसल्या होत्या. आई दारात, काखेत दागिन्यांची पिशवी. मी उठले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात पुढे केला. ठरल्याप्रमाणे तोंडातून शब्द काढला नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. मग पिशवी खाली ठेवली. माझा अंगठा आत मुडपला, करंगळीकडून पंजा आवळला आणि पहिली बांगडी सरकवली. दुसरी. तिसरी सांध्यावर अडकली, तिने जरा जोर दिला आणि ती तडकली. खोलीत कुणी श्वास घेईना. आईचा हात थांबला.

कासारणीने वरही पाहिलं नाही. ‘वाढली हो,’ म्हणाली, ‘घ्या पुढची,’ आणि दुसरी हातात दिली. तिला दिवसभरात अशा किती वाढत असतील. एका हातात दहा, दुसऱ्यात अकरा, सगळ्या आईनेच भरल्या. मग बाकीच्यांच्या भरायला घेतल्या तेव्हा कासारीण आईच्या मनगटाकडे बघून म्हणाली, ‘तुम्हाला दोन-सहा लागतील.’ आई म्हणाली मला नको. तर ती म्हणते, ‘रंग तेवढा सांगा.’

मोरपंखी घेतल्या. दोन्ही हातांत दोन-दोन.

नाणं गाठीत होतं. करवलीने ते इतकं घट्ट धरून ठेवलं होतं की तिच्या तळव्यावर त्याचा ठसा उमटला होता. बहिणीने कान पिळला, नखं कापून. कन्यादानाला आई एकटी बसली. कडवं धाकट्या मावशीने म्हटलं. छंदीफंदी, तुमची ओळ बरोबर होती. माझी वृत्तात बसली पण चुकीची निघाली, ‘कोरडे’पर्यंत मावशीला पोचताच आलं नाही. गुरुजींनीच पुढचं ‘कुर्यात् सदा मंगलम्’ उचललं.

लिंबलोण:
वाचलं. मुलीला फोन केला. बाकी काही नाही.

छंदीफंदी:
चुकीची निघाली तेच बरं.

तिळगूळ:
वा! माझ्याकडची खबर: आईने तिन्ही मुद्दे ऐकून घेतले आणि म्हणाली, गडद निळं घे. घेतेय.

जुनीपेटी:
छान झालं गं. आता मुद्द्याचं. टाके उसवले का? कुंकू लागलं का पैठणीला?

सोनचाफा:
उसवले. लागलंय. पदराच्या कडेला, अंगठ्याएवढं. अक्षतांना कुंकू चोळल्यावर आईने तसाच हात न धुता अंतरपाट उचलून गुरुजींकडे दिला. मी पुसायचा प्रयत्न केला नाही.

जुनीपेटी:
तसंही जाणार नव्हतं. राहू दे. आता उन्हात नको, सावलीत पसरून ठेव. मग आत मलमल घालून गुंडाळी कर, घडी नको. घडीच घालायची असेल तर दर सहा महिन्यांनी मोड बदल.